विजयदुर्गावरचा सूर्य आणि साधनांची पारख

काही वर्षांपूर्वी एका शाळेत वर्णपटाविषयी व्याख्यान देण्याचा योग आला. श्रोत्यांत नववी-दहावीची मुले आणि आसपासच्या शाळांतले पंधरा-वीस शिक्षक होते. विषय रंगावा म्हणून मी हेलियमच्या शोधाची गोष्ट सांगितली. ‘१८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावरून ते पाहिले आणि सूर्याच्या वर्णपटात एका नव्या मूलद्रव्याची पिवळी रेषा त्याला सापडली. तेच हेलियम!’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या कोकणातल्या किल्ल्यावर एवढा मोठा शोध लागला, याचा आनंद कुणाला होणार नाही?

व्याख्यान संपल्यावर एक शिक्षक जवळ आले. मूळचे देवगड तालुक्यातले. अगदी संकोचाने म्हणाले, “सर, एक शंका होती. ऑगस्टात विजयदुर्गावर सूर्य दिसतो कुठे? आमच्याकडे तेव्हा छत्री मिटायची सोय नसते.”

मला उत्तर देता आले नाही. ही माहिती मी कुठे वाचली होती, हेही मला धड सांगता येईना. एका लेखात वाचली होती, दुसऱ्या पुस्तकात ती पुन्हा भेटली होती, आणि दोन ठिकाणी भेटली म्हणून मी ती खरी धरून चाललो होतो. प्रयोगशाळेत एखादा आकडा असा कुणी माझ्यासमोर ठेवला असता, तर मी तो स्वीकारला नसता. इतिहासाच्या बाबतीत मात्र मी बेफिकीर राहिलो.

घरी आल्यावर शोध सुरू केला. तो करताना हेलियमविषयी जेवढे कळले, त्याहून अधिक साधनांविषयी कळले. म्हणून हा लेख.

साधनांचे तीन थर

कोणत्याही अभ्यासपूर्ण लेखनामागे जी साधने असतात, त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार करतात.

पहिला प्रकार प्राथमिक किंवा अस्सल साधनांचा. ज्याने पाहिले, मोजले, केले, त्याने त्याच वेळी किंवा लगेच नंतर केलेली नोंद म्हणजे प्राथमिक साधन. प्रयोगवही, पत्र, मूळ शोधनिबंध, मोहिमेचा अहवाल, छायाचित्र, उपकरण, बांधकामाचे अवशेष हे सारे यात येते.

दुसरा प्रकार दुय्यम साधनांचा. अस्सल साधने वाचून, त्यांची एकमेकांशी तुलना करून पुढच्या अभ्यासकाने लिहिलेला ग्रंथ किंवा लेख म्हणजे दुय्यम साधन. चरित्रे, विज्ञानाचे इतिहास, आढावा घेणारे निबंध हे या वर्गातले.

तिसऱ्या प्रकारात विश्वकोश, पाठ्यपुस्तके, सामान्यज्ञानाची पुस्तके येतात. बहुधा दुय्यम साधनांच्या आधारे ती तयार होतात. विषयाची तोंडओळख करून घ्यायला ती फार सोयीची असतात. आपण शिक्षक मंडळी बहुतेक वेळा याच थरावर वावरतो आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र आपण कोणत्या थरावर उभे आहोत, याचे भान हवे.

मी ज्या गोष्टीवर व्याख्यान दिले होते, ती तिसऱ्या थरावरची होती. आता तिचे पहिल्या थरावर काय होते ते पाहू.

१८६८ : मूळ कागद काय सांगतात?

१८ ऑगस्ट १८६८चे ग्रहण खरेच मोठे होते. भारतात खग्रास अवस्था पाच मिनिटांहून अधिक टिकली. ग्रहणाच्या वेळी चंद्रबिंबाच्या कडेने दिसणाऱ्या तांबूस सौरज्वालांवर वर्णपटदर्शक रोखण्याची ही पहिलीच संधी होती. त्यासाठी निरीक्षकांची पथके भारतात ठिकठिकाणी बसली. फ्रान्सचा ज्यूल जान्सेन गुंटूरला होता. ब्रिटिश अधिकारी जेम्स टेनंट हाही गुंटूरलाच होता. मद्रास वेधशाळेचा प्रमुख नॉर्मन पॉग्सन मच्छलीपट्टणला होता. सर्वेक्षण खात्यातला लेफ्टनंट जॉन हर्शेल, म्हणजे युरेनस शोधणाऱ्या विल्यम हर्शेलचा नातू, पटवर्धनांच्या जमखिंडी संस्थानात होता. या सर्वांचे अहवाल छापलेले आहेत. जमखिंडीला ढगांनी हर्शेलला सतावले, हेही त्यात नोंदलेले आहे. घाटापलीकडे जमखिंडीला ही स्थिती, तर ऐन पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर काय असेल! देवगडच्या शिक्षकांची शंका अगदी रास्त होती.

या यादीत लॉकयर कुठे आहे? तो कुठेच नाही. १८६८च्या ऑगस्टमध्ये तो इंग्लंडमध्ये होता. तेव्हा तो ब्रिटिश सरकारच्या युद्धखात्यात कारकुनी करणारा, फावल्या वेळात दुर्बीण लावणारा ३२ वर्षांचा हौशी खगोलनिरीक्षक होता. ग्रहण नसतानाही सौरज्वालांचा वर्णपट दिसू शकेल, असे त्याचे अनुमान होते. त्यासाठी त्याने चांगल्या प्रतीचा वर्णपटदर्शक बनवायला दिला होता, पण तो हाती यायला फार उशीर झाला. उपकरण मिळाले ऑक्टोबरच्या मध्यास. २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्याला सौरज्वालेच्या तेजस्वी रेषा दिसल्या, तेव्हा ना ग्रहण होते, ना विजयदुर्ग. त्याच दिवशी त्याने रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले.

इकडे जान्सेनला हीच कल्पना गुंटूरला ग्रहण पाहताना सुचली होती. त्या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहण सुटल्यावरही त्या दिसतील, असे त्याला वाटले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्याने त्या पुन्हा पाहिल्या. त्याने महिन्याभराने काकिनाडाहून पॅरिसला पत्र पाठवले. योगायोग असा की जान्सेनचे पत्र आणि लॉकयरच्या निरीक्षणाची वार्ता, दोन्ही २६ ऑक्टोबर १८६८ रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या एकाच बैठकीपुढे आल्या. पुढे १८७२ साली फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले एक पदकही काढले.

येथे क्षणभर थांबावे. अनेक पुस्तकांत, अगदी परदेशी कोशांतही, ‘जान्सेन आणि लॉकयर यांनी स्वतंत्रपणे हेलियम शोधले आणि त्यांची पत्रे एकाच दिवशी पोहोचली’ असे वाक्य आढळते. पण त्या दोन पत्रांचा विषय हेलियम नव्हताच. ग्रहणाशिवाय सौरज्वाला पाहण्याची पद्धत हा त्यांचा विषय होता, आणि पदक मिळाले ते त्या पद्धतीसाठी. नवे मूलद्रव्य सापडल्याचा दावा जान्सेनने केला नव्हता. पत्रांचा प्रसंग खरा, हेलियमची गोष्टही खरी, पण पुढच्या कुणी तरी दोन्ही एका वाक्यात बसवल्या आणि तिसरीच गोष्ट तयार झाली.

पिवळी रेषा

मग हेलियमचे काय? सौरज्वालेच्या वर्णपटात एक पिवळी रेषा होती. ग्रहणाच्या दिवशी ती अनेकांना दिसली. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा, ज्यांना ‘डी’ रेषा म्हणतात, त्या वर्णपटात त्याच भागात येतात. त्यामुळे टेनंट, हर्शेल यांनी आपल्या अहवालांत ही ‘डी’ रेषाच असल्याचे लिहिले.

लॉकयरला त्याच्या उपकरणात ती रेषा ‘डी’च्या जवळ, पण ‘डी’पासून वेगळी दिसली. पुढच्या काही आठवड्यांत त्याने तिची जागा काळजीपूर्वक मोजली. आजच्या मापनात सांगायचे, तर सोडियमच्या रेषांची तरंगलांबी ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर आहे, तर या रेषेची ५८७.६. फरक दीड नॅनोमीटरचाही नाही. ग्रहणाच्या पाच मिनिटांत, ढगांकडे एक डोळा ठेवून हा फरक ओळखणे किती अवघड होते, हे कोणाही प्रयोग करणाऱ्याला पटेल. लॉकयरला मात्र ग्रहणाची घाई नव्हती, रोज सूर्य समोर होता.

हायड्रोजनपासून ही रेषा मिळते का, हे लॉकयर आणि रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिले. ती मिळेना. ‘हेलियम’ हे नाव छापील स्वरूपात आले ते १८७१ साली, विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन यांच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात. फ्रँकलंड आणि लॉकयर एका नव्या पदार्थाला हे नाव सुचवत आहेत, असा त्यात उल्लेख आहे. पृथ्वीवर हेलियम हाती लागले ते १८९५च्या मार्चमध्ये, विल्यम रॅम्झी यांना, क्लीव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून.

म्हणजे ‘हेलियमचा शोध कधी आणि कुठे लागला?’ या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर नाही. १८६८चे गुंटूर व जमखिंडी, त्याच वर्षीचे लंडन, आणि १८९५चे लंडन असा तो २७ वर्षांचा प्रवास आहे.

अस्सल म्हणजे अचूक नव्हे

येथे साधनांविषयीचा एक महत्त्वाचा मुद्दा हाती लागतो. टेनंट आणि हर्शेल यांचे अहवाल निखळ प्राथमिक साधने आहेत, तरीही पिवळ्या रेषेबाबत ते चुकले. प्रत्यक्षदर्शी चुकू शकतो. मग अस्सल साधनाचे मोल कशात? कोणी पाहिले, कोणत्या उपकरणातून पाहिले, आकाश कसे होते, मोजमाप कसे केले हे सारे त्यात असते, आणि म्हणून चूक झाली तर ती कुठे झाली हे आपल्याला शोधता येते. ऐकीव माहितीत ही सोय नसते.

रॅम्झींच्या शोधामागेही असेच एक अस्सल साधन होते. विल्यम हिलब्रँड या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने युरेनियमच्या खनिजावर आम्लाची क्रिया केली असता एक निष्क्रिय वायू निघतो, असे काही वर्षे आधी लिहून ठेवले होते. तो वायू नायट्रोजन असावा, हा त्याचा निष्कर्ष. रॅम्झी तेव्हा आरगॉनच्या मागावर होते. हेन्री मायर्स या खनिजशास्त्रज्ञाने त्यांचे लक्ष या नोंदीकडे वेधले. रॅम्झींनी हिलब्रँडचा निष्कर्ष जसाच्या तसा घेतला नाही. त्याची कृती घेतली, ती पुन्हा करून पाहिली, आणि वायूच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा उभी राहिली. हिलब्रँडने आपली कृती नीट लिहिली नसती आणि ‘खनिजातून नायट्रोजन निघतो’ एवढेच एक वाक्य कोशात उरले असते, तर रॅम्झींना पुढचा धागा मिळाला नसता.

शोधनिबंधात संदर्भ का द्यायचे, असे विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तर येथे आहे. संदर्भ ही वाचकाला मूळ नोंदीपर्यंत परत जाण्याची वाट असते.

मग विजयदुर्गाचे काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. लॉकयर भारतात कधी आलाच नव्हता का? आला होता. १२ डिसेंबर १८७१च्या ग्रहणासाठी तो मलबार किनाऱ्यावरच्या बेकल किल्ल्यावर होता. आणि २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणासाठी तो होता चक्क विजयदुर्गावर!

त्या ग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून आत शिरून ईशान्येकडे गेला होता. जानेवारी महिना, निरभ्र आकाश, किनाऱ्याला जहाज लावण्याची सोय, यंत्रे मांडायला किल्ल्याची प्रशस्त जागा. विजयदुर्ग का निवडला असेल हे वेगळे सांगायला नको. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेवरचे अधिकारी आणि नौसैनिक मदतीला होते. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत सूर्याच्या वर्णगोलाच्या वर्णपटाची छायाचित्रे घेणे हे मुख्य काम होते. लॉकयर तेव्हा ६१ वर्षांचे, ‘सर’ झालेले, ‘नेचर’ या साप्ताहिकाचे संस्थापक-संपादक होते. विजयदुर्गावरच्या निरीक्षणांचा अहवाल रॉयल सोसायटीच्या प्रकाशनांत आहे. त्यावर स्थळ, दिनांक, निरीक्षकांची नावे स्वच्छ छापलेली आहेत.

याच ग्रहणासाठी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला होता. त्यांचा इंग्रजी अहवाल १९०२ साली प्रसिद्ध झाला. ब्रिटिश राजवटीत, एका भारतीय शास्त्रज्ञाने केलेले हे काम. विजयदुर्गाची चुकीची गोष्ट सांगण्याच्या नादात आपण नायगमवालांची खरी गोष्ट मात्र सांगायची विसरतो.

किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आजही दाखवतात. हेही एक साधन आहे, दगडाचे साधन. दुर्बिणी बसवण्यासाठी असे पक्के चौथरे लागतात आणि १८९८च्या मोहिमेशी ते उत्तम जुळतात. पण दगडावर तारीख नसते. स्थानिकांच्या आठवणीत ‘साहेब आला होता, ग्रहण पाहिले होते, हेलियमवाला होता’ एवढे टिकले. त्यातला एकही भाग खोटा नाही. फक्त पुस्तकातल्या हेलियमची तारीख १८६८, म्हणून साहेबाची तारीखही १८६८ झाली असावी. मौखिक परंपरा अनेकदा प्रसंग टिकवते, साल टिकवत नाही. म्हणून तिला कमी लेखू नये आणि एकटीच्या भरवशावर राहूही नये. दगड, आठवण आणि छापील अहवाल ही तिन्ही साधने एकमेकांशेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते.

बखर आणि पत्र

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. विजयदुर्गावर ग्रहण दिसले त्याच १८९८ साली वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. घटनेनंतर पुष्कळ काळाने ऐकीव माहितीवर लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या त्या काळातली अस्सल पत्रे अधिक विश्वसनीय, हा त्यांचा आग्रह. कागद मिळवण्यासाठी त्यांनी गावोगाव पायपीट केली. मराठ्यांच्या इतिहासाला आपण जी कसोटी लावायला शिकलो, ती विज्ञानाच्या इतिहासाला मात्र लावत नाही. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातल्या चौकटीतली ‘तुम्हांला माहीत आहे का?’ ही आपली आधुनिक बखर आहे, असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

वर्गात काय करता येईल?

एवढी शोधाशोध शाळेत कशी करायची, असे कुणी म्हणेल. पूर्वी ही अडचण खरी होती. रॉयल सोसायटीचे जुने अंक पाहायचे तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. रॉयल सोसायटीने आपले जुने अंक २०११ साली सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. पॅरिसच्या अकादमीचे जुने इतिवृत्तही फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर उपलब्ध केले आहे. शाळेतल्या एका संगणकावरून १८६८ सालच्या कागदापर्यंत पोहोचता येते. मात्र त्याच संगणकावर एकच चुकीचे वाक्य शंभर ठिकाणी उतरवलेलेही सापडते. शंभर ठिकाणी आढळले म्हणजे शंभर साक्षीदार झाले असे नव्हे. शंभरांनी एकाचेच पाहून लिहिले असेल, तर साक्षीदार एकच. परीक्षेत एकाच बाकावरच्या चौघांचे उत्तर सारखे चुकले, तर आपण काय समजतो?

पुढील उपक्रम आठवीपासूनच्या मुलांना सहज जमतो. विज्ञानाच्या पुस्तकातले इतिहासाचे एक विधान निवडावे आणि मुलांना तीन प्रश्न द्यावेत.

१. हे लिहिणारा त्या घटनेपासून किती दूर होता, काळाने आणि अंतराने?

२. त्याने हे कशासाठी लिहिले? निरीक्षण नोंदवण्यासाठी, गौरव करण्यासाठी, की पुस्तकाची चौकट भरण्यासाठी?

३. त्याने माहिती कुठून घेतली हे सांगितले आहे का? सांगितले असेल, तर तिथे खरेच तसे लिहिले आहे का?

प्रत्येक गट एक-एक पायरी मागे जाईल. काही गट मूळ कागदापर्यंत पोहोचतील, काही मध्येच अडकतील. अडकलेल्या गटाने ‘याच्या मागचा पुरावा आम्हांला मिळाला नाही’ असे वहीत लिहावे आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत. आपल्याला किती ठाऊक नाही हे नेमके लिहिता येणे, हीही अभ्यासाची कमाई आहे.

त्या शाळेला मी नंतर पत्र पाठवले आणि माझी चूक कळवली. व्याख्यानात सांगितलेले साल व स्थळ यांची सांगड चुकीची होती, असे फळ्यावर लिहून मुलांना दाखवावे, अशी विनंतीही केली. देवगडच्या त्या शिक्षकांचे उत्तर आले. त्यांनी मुलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, माझी आधीची आणि नंतरची. मग त्यांनी वर्गाला विचारले होते, ‘यातली दुसरी तरी खरी कशावरून?’ मुलांनी अहवाल पाहायला मागितला.

पुढच्या सहलीत ती मुले विजयदुर्गाला जाणार होती. चौथऱ्यांची मापे घ्यायची, त्यांची दिशा होकायंत्राने पाहायची, आणि अहवालातल्या वर्णनाशी ताडून बघायची, असे त्यांनी ठरवले होते. सहल अर्थातच जानेवारीत ठेवली होती.